अर्ज पाठविण्यापूर्वी : परिचयपत्राचे फेरवाचन

संत गजानन महाराजांच्या वास्तव्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातील शेगावचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी महाराज येथे प्रकट झाले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी येथेच समाधी घेतली. मुंबई-हावडा लोहमार्गावरील या स्थानकावर वर्षभर भाविकांची रीघ लागलेली असते. तीर्थक्षेत्र म्हणून ख्यातनाम असलेले हे गाव गेल्या चार दशकांत शिक्षणाचेही केंद्र बनले आहे. १९८३ साली येथे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. राज्य शासनाने खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले ते याच वर्षी, आणि अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली तीही याच वर्षीच्या १ मे रोजी.

या तीन घटनांचा एकत्रित परिणाम पुढील पिढीवर झाला. खारपाण पट्ट्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातही पदवी, पदविका किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र येऊ लागले. पदवी दुर्मिळ होती तेव्हा ती हाती असणे हीच मोठी शिफारस ठरत असे. आता एका जागेसाठी तीच पदवी असलेले अनेक उमेदवार अर्ज करतात. त्यांच्यातील भेद निवड करणाऱ्यास प्रथम दिसतो तो त्यांच्या कागदावर. उमेदवार मुलाखतीच्या खोलीत पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी त्याचे परिचयपत्र, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘बायोडेटा’ म्हणतात ते, तेथे पोहोचलेले असते. हा कागद पाठविण्यापूर्वी पुन्हा कसा वाचावा, त्यातील दोष कसे ओळखावेत आणि या कामी शिक्षक, अधिकारी व ग्रामपंचायत सदस्य यांचे साहाय्य कसे होऊ शकते, याचा विचार येथे केला आहे.

नोंदणीकडून स्वतःच्या अर्जाकडे

स्वातंत्र्योत्तर काळात नोकरीच्या शोधाचा मुख्य मार्ग सेवायोजन कार्यालयातून जात असे. रिक्त पदे सेवायोजन कार्यालयास कळविणे सक्तीचे करणारा कायदा संसदेने १९५९ साली केला. तो १ मे १९६० पासून, म्हणजे योगायोगाने महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्याच दिवसापासून, अंमलात आला. उमेदवाराने जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन नाव नोंदवावयाचे, कार्डाचे नूतनीकरण वेळेवर करावयाचे आणि पाचारणाची वाट पहावयाची, अशी ती पद्धत होती. शेगावच्या तरुणास त्यासाठी बुलढाण्याची वाट धरावी लागे. खिडकीपलीकडचा लिपिक मूळ प्रमाणपत्रे पाहून कार्डावर नोंद करी. त्यामुळे उमेदवाराच्या लिहिण्यात काही चूक असल्यास ती तेथेच लक्षात येण्याची शक्यता असे.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील उत्पादन शुल्क विभागाच्या एका प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागविण्याबरोबरच पदांची जाहिरात वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरदर्शन यांसारख्या माध्यमांतून द्यावी, म्हणजे पात्र असणाऱ्या सर्वांना संधी मिळेल, असे न्यायालयाने सांगितले. यादीत नाव नसलेल्या उमेदवारास त्यामुळे दार उघडले. मात्र त्याबरोबर एक जबाबदारीही त्याच्याकडे आली. आपली माहिती आपणच मांडण्याची ती जबाबदारी होय. केंद्र शासनाची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ साली सुरू झाली, आणि महाराष्ट्रात ‘महास्वयम्’ संकेतस्थळावर उमेदवार आपली नोंद स्वतःच करतो. बुलढाण्याचा हेलपाटा वाचला. परंतु खिडकीपलीकडून तपासणारी नजरही त्याबरोबर गेली.

अशीच दुसरी एक नजर साक्षांकनाच्या निमित्ताने लाभत असे. प्रमाणपत्रांच्या प्रती साक्षांकित करून घेण्यासाठी उमेदवार राजपत्रित अधिकाऱ्याकडे किंवा मुख्याध्यापकाकडे जाई. या निमित्ताने एक अनुभवी व्यक्ती मूळ कागद हाती घेऊन पाही. “नाव येथे असे आणि तेथे तसे कसे?” एवढा एक प्रश्न ती विचारी आणि पुढचा घोटाळा टळे. २०१५ साली राज्य शासनाने स्वयंसाक्षांकित प्रती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. सामान्य नागरिकाचा त्रास व खर्च त्यामुळे खूपच कमी झाला, यात शंका नाही. तथापि, शिक्का गेला तरी त्यामागील वाचनाची गरज संपलेली नाही. किंबहुना ती वाढली आहे. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’, गट ‘ड’ व गट ‘ब’ अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या. अशा पदांबाबत कागदावर राहिलेली उणीव तोंडी खुलासा करून भरून काढण्याची संधी मुलाखतीत मिळत असे, तीही आता उरलेली नाही.

परिचयपत्र म्हणजे काय?

शासकीय पदासाठीचा अर्ज आणि खाजगी आस्थापनेकडे पाठवावयाचे परिचयपत्र यांतील भेद प्रथम ध्यानी घ्यावयास हवा. शासकीय अर्जाचा नमुना ठरलेला असतो. त्यात विचारले तेवढेच आणि विचारले तसेच लिहावयाचे असते. शिक्षकपदाच्या उमेदवारांना ‘पवित्र’ प्रणालीवर स्वप्रमाणपत्र भरावे लागते, हे शिक्षक वाचकांस ठाऊकच आहे. एकदा प्रमाणित केलेली माहिती पुढे उमेदवारावर बंधनकारक ठरते. खाजगी नोकरीसाठीच्या परिचयपत्राला मात्र ठराविक साचा नाही. काय लिहावे, काय वगळावे आणि कोणती गोष्ट आधी मांडावी हे उमेदवारानेच ठरवावयाचे असते. नवखा उमेदवार गोंधळतो तो नेमका येथेच.

हा गोंधळ वाढण्याचे आणखी एक कारण आपल्याकडे आहे. ‘बायोडेटा’ हा शब्द मराठी घरांत सर्वप्रथम ऐकू येतो तो लग्नाच्या बोलण्यात. त्या कागदावर उंची, वर्ण, रास, रक्तगट, भावंडे, मामांचे गाव व शेतीचे क्षेत्र अशी माहिती असते. संगणक केंद्रातून छापून घेतलेल्या नोकरीच्या कागदावरही यांपैकी पुष्कळ माहिती जशीच्या तशी उतरलेली आढळते. स्थळ पाहणाऱ्यास घराण्याची माहिती हवी असते, तर नोकरी देणाऱ्यास कामाची. उमेदवार कोणते काम करू शकतो, ते तो कोठे शिकला, ते त्याने केले आहे काय आणि त्याच्याशी संपर्क कसा साधावा, या चार प्रश्नांची उत्तरे देतो तो कागद म्हणजे परिचयपत्र होय. आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक यांसारखी माहिती त्यावर मुळीच असू नये. अनेकांच्या हातांतून फिरणाऱ्या कागदावर ती दिल्यास तिचा दुरुपयोग होऊ शकतो.

वाचणाऱ्याची गरज ओळखून लिहिण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण युरोपच्या इतिहासात सापडते. सुमारे १४८२ साली लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी आपल्या कौशल्याचे निवेदन करणारे एक पत्र तयार केले. त्याचा मसुदा आजही उपलब्ध आहे. जगाला लिओनार्दो चित्रकार म्हणून ठाऊक आहे. त्या पत्रात मात्र हलके पूल, तोफा व वेढ्याची यंत्रे यांची माहिती आधी आहे, आणि चित्रकलेचा उल्लेख शेवटी आहे. मिलानच्या सत्ताधीशास त्या काळी युद्धाची चिंता होती, हे त्याने ओळखले होते. आपल्याजवळील गुणांपैकी समोरच्यास आज कोणत्या गुणाची गरज आहे हे पाहून तो अग्रभागी ठेवणे, हे तत्त्व पाच शतकांनंतरही तितकेच लागू आहे.

पहिले वाचन : मूळ प्रमाणपत्रे शेजारी ठेवून

परिचयपत्र एकदाच वाचून सर्व दोष दिसत नाहीत. ते निरनिराळ्या हेतूंनी तीन वेळा वाचावे. पहिल्या वाचनाच्या वेळी सर्व मूळ प्रमाणपत्रे शेजारी मांडून ठेवावीत आणि कागदावरील प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ती कोणत्या प्रमाणपत्रावरून आली हे पाहावे.

सर्वाधिक घोटाळे नावात असतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा एक क्रम, तर अन्य कागदावर वेगळा. एका ठिकाणी पूर्ण नाव, तर दुसरीकडे आद्याक्षरे. इंग्रजी लिपीत आडनावाचे दोन प्रकार. विवाहानंतर बदललेले नाव, असे भेद वारंवार दिसतात. परिचयपत्रावर दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच नाव लिहावे. नावात रीतसर बदल केला असल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जवळ ठेवावी. नोकरी मिळाल्यावर नाव दुरुस्त करून घेऊ, असे म्हणणे धोक्याचे असते, कारण कागदपत्रांची पडताळणी नियुक्तीपूर्वीच होते.

संस्थेचे व विद्यापीठाचे नावही प्रमाणपत्रावर जसे असेल तसेच लिहावे. या भागातील उमेदवारांच्या बाबतीत त्यास विशेष महत्त्व आहे. १९८३ पूर्वीच्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रांवर नागपूर विद्यापीठाचे, त्यानंतरच्यांच्या प्रमाणपत्रांवर अमरावती विद्यापीठाचे आणि अलीकडील प्रमाणपत्रांवर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे नाव आहे. गुण लिहितानाही श्रेणी, टक्केवारी व श्रेणीगुण यांची सरमिसळ करू नये. प्रमाणपत्रावर श्रेणीगुण असतील तर तेच द्यावेत. जाहिरातीत टक्केवारी मागितली असल्यास विद्यापीठाने ठरविलेल्या सूत्रानेच ती काढावी.

संगणक अर्हतेबाबत ‘संगणकाचे ज्ञान’ असे मोघम लिहिण्याऐवजी एमएस-सीआयटी परीक्षा कोणत्या वर्षी उत्तीर्ण केली ते लिहावे. टंकलेखनाची भाषा व गती द्यावी. उदाहरणार्थ, ‘मराठी टंकलेखन, ३० शब्द प्रति मिनिट’. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील व्यवसायाचे नाव वीजतंत्री, जोडारी, संधाता, कातारी असे नेमके द्यावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली प्रशिक्षण घेतले असल्यास आस्थापनेचे नाव व कालावधी लिहावा. जात वैधता, उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र व अधिवास ही प्रमाणपत्रे परिचयपत्रात नमूद करण्याची नसली, तरी शासकीय अर्जाच्या वेळी ती लागतात. त्यांची मुदत व त्यांवरील नाव याच बैठकीत तपासून ठेवणे श्रेयस्कर.

दुसरे वाचन : जाहिरात शेजारी ठेवून

दुसऱ्या वाचनाच्या वेळी प्रमाणपत्रे बाजूला ठेवावीत आणि ज्या जागेसाठी अर्ज करावयाचा तिची जाहिरात समोर घ्यावी. जाहिरातीत मागितलेल्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ ओढावी आणि तिचे उत्तर आपल्या कागदावर कोठे आहे ते शोधावे. उत्तर नसेल आणि ती गोष्ट आपल्याजवळ असेल, तर ती लिहावी. उत्तर शेवटच्या कोपऱ्यात असेल तर ते वर आणावे. ज्या ओळीचा जाहिरातीतील कोणत्याच गरजेशी संबंध नाही ती ओळ काढून टाकण्यास संकोच करू नये.

कल्पना करू की शेगाव तालुक्यातील एका खेड्यातील तरुण वीजतंत्री व्यवसायाचे प्रशिक्षण पूर्ण करून खामगावच्या औद्योगिक वसाहतीतील देखभाल विभागाच्या जागेसाठी अर्ज करीत आहे. त्याने मित्राच्या परिचयपत्रातील नाव बदलून आपला कागद तयार केला आहे. आरंभी इंग्रजीतील तीन ओळींचे ‘ध्येय’ आहे. त्याचा अर्थ विचारला असता त्याला तो सांगता येत नाही. त्याखाली उंची, रक्तगट व भावंडांची संख्या आहे. छंद म्हणून वाचन व क्रिकेट आहे. गुण म्हणून ‘मेहनती, प्रामाणिक, जिद्दी’ असे तीन शब्द आहेत. अनुभवापुढे ‘निरंक’ लिहिले आहे.

या तरुणाशी अर्धा तास बोलले असता निराळीच माहिती हाती येते. प्रशिक्षणानंतर त्याने एक वर्ष शिकाऊ उमेदवारी केली आहे. सुट्टीच्या काळात गावातील दुरुस्तीच्या दुकानात तो दोन वर्षे बसत होता. तेथे शेतीपंपांच्या मोटारींचे वाइंडिंग करणे, स्टार्टर दुरुस्त करणे ही कामे त्याने केली. हंगामात रात्री-अपरात्री शेतकऱ्यांच्या विहिरीवर जाऊन बंद पडलेला पंप त्याने चालू करून दिला आहे. मात्र दुकानातील कामास ‘नोकरी’ म्हणत नाहीत, म्हणून अनुभवापुढे निरंक!

दुरुस्त केलेल्या कागदावर ‘ध्येय’ राहत नाही. पहिल्या भागात व्यवसाय प्रमाणपत्र व शिकाऊ उमेदवारी येते. त्याखाली ‘शेतीपंपांच्या ३ व ५ अश्वशक्तीच्या मोटारींचे वाइंडिंग व स्टार्टर दुरुस्ती, स्थानिक दुरुस्ती केंद्रात, सुट्टीच्या काळात, २ वर्षे’ अशी एक ओळ येते. ‘मेहनती’ हा शब्द लिहिण्याचे आता कारण उरत नाही, कारण ही ओळ वाचणाऱ्यास ते आपोआप कळते. या फेरफारात एकही नवी गोष्ट जोडलेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जे होते तेच योग्य जागी आले.

न लिहिलेले काम

ग्रामीण व निमशहरी भागातील उमेदवारांच्या परिचयपत्रांत असा न लिहिलेला अनुभव मोठ्या प्रमाणावर असतो. महिला बचत गटाचे हिशेब सांभाळणारी तरुणी रोकड वही लिहिते, बँकेत भरणा करते, कर्जाच्या हप्त्यांची नोंद ठेवते आणि बैठकीचे इतिवृत्त लिहिते. लेखा सहायकाच्या जागेसाठी ही माहिती निश्चितच उपयुक्त आहे. तथापि, हे तर घरचेच काम, असे समजून ती वगळली जाते. वडिलांच्या किराणा दुकानात वस्तू व सेवा कराची बिले संगणकावर करणारा मुलगा, बाजार समितीत कापसाच्या मापाच्या नोंदी घेणारा तरुण, गावच्या वाचनालयाची पुस्तक नोंदवही ठेवणारी विद्यार्थिनी यांची स्थितीही अशीच असते.

शेगावच्या संदर्भात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. गजानन महाराज संस्थानात विनामोबदला आळीपाळीने सेवा देणाऱ्या सेवाधाऱ्यांची परंपरा सर्वश्रुत आहे. प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी या उत्सवांच्या वेळी येणाऱ्या अफाट गर्दीची व्यवस्था, दर्शनरांगा, महाप्रसाद, स्वच्छता ही कामे ज्या शिस्तीने होतात, त्या शिस्तीत तालुक्यातील कितीतरी तरुण घडले आहेत. ही सेवा परिचयपत्रात लिहावी की नाही, असा प्रश्न उमेदवारांना पडतो. सेवेचा मोबदला मागू नये ही भावना त्यामागे असते आणि ती आदरणीय आहे. यातून मार्ग निघू शकतो. सेवेचा उल्लेख सेवा म्हणूनच, ‘सामाजिक कार्य’ या शीर्षाखाली, एका साध्या ओळीत करावा. कोणते काम केले व किती काळ केले एवढेच त्यात असावे. ती पगारी नोकरी असल्याचे भासवू नये आणि तिच्यावर हक्क सांगितल्यासारखी भाषाही वापरू नये. आदरातिथ्य, रुग्णालय प्रशासन किंवा सुरक्षा व्यवस्था अशा क्षेत्रांतील जागेसाठी हा उल्लेख प्रस्तुत ठरतो. यंत्रावरील कामासाठी त्याची आवश्यकता नाही.

राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहभागी झालेल्यांनीही आपल्या अनुभवाची नोंद काळजीपूर्वक करावी. कार्यालयाचे नाव, कालावधी आणि प्रत्यक्ष केलेली कामे लिहावीत. उदाहरणार्थ, आवक-जावक नोंदवही ठेवणे, दाखल्यांच्या अर्जांची संगणकावर नोंद करणे. ते प्रशिक्षण होते, नियमित नियुक्ती नव्हती, हेही शब्दांतून स्पष्ट व्हावे.

शिक्षणात किंवा नोकरीत खंड पडला असेल तर तो तारखांची फिरवाफिरव करून लपवू नये. घरातील आजारपण, दुष्काळाचे वर्ष, स्पर्धा परीक्षेची तयारी अशी कारणे प्रांजळपणे एका ओळीत सांगता येतात. वाचणारा माणूसच असतो. त्याला अडचण समजते, पण लपवाछपवी खपत नाही.

असत्याची किंमत

स्पर्धा तीव्र झाली की माहिती फुगविण्याचा मोह होतो. सहा महिन्यांचे एक वर्ष करणे, अनुत्तीर्ण विषय असताना पदवी पूर्ण झाल्याचे लिहिणे, ऐकून माहीत असलेल्या संगणक प्रणालीचे ‘प्रावीण्य’ दाखविणे हे नेहमीचे प्रकार होत. मुलाखतीतील दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला असे दावे बहुधा उघडे पडतात. मग त्या उमेदवाराच्या खऱ्या गुणांवरही विश्वास ठेवला जात नाही.

नोकरी मिळाल्यानंतरही धोका संपत नाही. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने चारित्र्य पडताळणीच्या नमुन्यात माहिती दडविणे किंवा खोटी देणे यांच्या परिणामांचा सविस्तर ऊहापोह केला. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, ही त्यातील मूळ अपेक्षा आहे. २०१७ साली महाराष्ट्रातील प्रकरणांवर निर्णय देताना, खोट्या जात दाखल्याच्या आधारे मिळविलेल्या नोकरीस केवळ दीर्घ सेवेच्या कारणास्तव संरक्षण देता येणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. अनेक वर्षे नोकरी केलेल्या माणसाचा संसार एका खोट्या कागदामुळे उघड्यावर येऊ शकतो. म्हणून पहिल्या नोकरीच्या वयातच ही गोष्ट तरुणांना समजावून सांगणे अगत्याचे आहे.

भाषा व मांडणी

नवख्या उमेदवारास एक, फार तर दोन पृष्ठे पुरेशी होतात. जाहिरात ज्या भाषेत असेल त्या भाषेत परिचयपत्र असावे. इंग्रजीत लिहावयाचे असेल तर उमेदवारास स्वतःला समजेल व बोलता येईल अशीच साधी इंग्रजी वापरावी. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून क्षणात परिचयपत्र तयार करून मिळते. व्याकरण सुधारण्यासाठी त्यांचा उपयोग जरूर करावा. परंतु ही साधने कधी कधी न केलेले काम व नसलेली कौशल्ये कागदावर आणतात. खाली सही उमेदवाराची असते, त्यामुळे उत्तरही त्यालाच द्यावे लागते. ज्या वाक्याचा अर्थ उमेदवारास मुलाखतीत पाच मिनिटे उलगडून सांगता येणार नाही, ते वाक्य ठेवू नये.

मोठ्या आस्थापनांत आलेल्या अर्जांची पहिली चाळणी अनेकदा संगणकच करतो. वेलबुट्टीच्या चौकटी, रंगीत पार्श्वभूमी व गुंतागुंतीचे तक्ते संगणकास नीट वाचता येतीलच असे नाही. साधी शीर्षके व एकसारखी अक्षरे यांमुळे संगणक व माणूस दोघांचीही सोय होते. अलीकडील शिक्षण व काम आधी आणि जुने नंतर, असा क्रम ठेवावा. ई-मेलचा पत्ता आपल्या नावाचा असावा. गमतीदार टोपणनावाचा नसावा. मोबाइल क्रमांक चालू असावा. क्रमांक बदलल्यामुळे मुलाखतीचा निरोप न पोहोचल्याची उदाहरणे खेड्यापाड्यांत नेहमी घडतात. संगणकावरील फाइलला उमेदवाराचे व पदाचे नाव द्यावे, म्हणजे शेकडो अर्जांत ती हरवत नाही.

तिसरे वाचन : दुसऱ्याच्या नजरेने

आपण लिहिलेल्या कागदातील चूक आपणांस दिसत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. म्हणून तिसरे वाचन दुसऱ्या व्यक्तीने करावे. साक्षांकनाच्या जुन्या पद्धतीत जी नजर अनायासे लाभत होती, ती आता प्रयत्नपूर्वक मिळवावी लागेल. या ठिकाणी गावातील जाणत्या मंडळींचे कार्य सुरू होते.

माध्यमिक शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांतील भाषा शिक्षकांना हे काम सहज करता येण्यासारखे आहे. पत्रलेखन व अर्जलेखन अभ्यासक्रमात असतेच. त्याच तासिकेत एक खरी जाहिरात घेऊन विद्यार्थ्यांकडून परिचयपत्र लिहवून घ्यावे आणि एकमेकांचे तपासावयास सांगावे. दहावीच्या परीक्षेचे आवेदनपत्र भरतानाच नाव व जन्मतारीख यांची पालकांसमक्ष खातरजमा केली, तर पुढील अनेक वर्षांचा त्रास वाचतो.

ग्रामपंचायतीस वाचनालयात किंवा सभागृहात महिन्यातून एक संध्याकाळ या कामासाठी राखून ठेवता येईल. गावातील निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, नोकरीत असलेले तरुण यांना बोलवावे. उमेदवारांनी मूळ प्रमाणपत्रे, जाहिरात व परिचयपत्र घेऊन यावे. यासाठी निधीची मोठी तरतूद लागत नाही. एक टेबल, चार खुर्च्या व प्रकाशाची सोय पुरते. मुलींसाठी ही व्यवस्था विशेष उपयोगी ठरेल, कारण तालुक्याच्या ठिकाणी संगणक केंद्रात वारंवार जाणे त्यांना नेहमीच शक्य होत नाही. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या अधिकाऱ्यांनी रोजगार मेळाव्यापूर्वी अशा गावांत एखादे सत्र घेतल्यास मेळाव्यास येणारे तरुण तयारीनिशी येतील.

तपासणाऱ्याने एक पथ्य पाळावे. परिचयपत्र आपण लिहून देऊ नये. प्रश्न विचारावेत, उत्तरे ऐकावीत आणि उमेदवारालाच लिहावयास लावावे. “दुकानात काय काम करीत होतास?” या एका प्रश्नातून जे निघते ते कोणत्याही तयार साच्यात सापडत नाही. उमेदवाराच्या घरची माहिती चारचौघांत उघड होणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

पाठविण्यापूर्वी आठ प्रश्न

१. नाव व जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आहे काय?
२. प्रत्येक अर्हतेचे मूळ प्रमाणपत्र हाती आहे काय?
३. जाहिरातीत मागितलेली प्रत्येक गोष्ट पहिल्या पृष्ठावर सापडते काय?
४. नोकरी न म्हटले गेलेले, पण प्रत्यक्ष केलेले काम लिहिले आहे काय?
५. कामाचे स्वरूप, ठिकाण व कालावधी स्पष्ट आहे काय?
६. लिहिलेले प्रत्येक वाक्य मुलाखतीत समजावून सांगता येईल काय?
७. मोबाइल क्रमांक व ई-मेल चालू आहेत काय?
८. दुसऱ्या एका जाणत्या व्यक्तीने हा कागद वाचला आहे काय?

या आठही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आल्यावर अर्ज पाठवावा आणि पाठविलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तीच पुन्हा वाचावयाची असते.

चांगल्या परिचयपत्राने नोकरी मिळेलच, असे कोणीही सांगू शकणार नाही. जागा थोड्या आहेत आणि उमेदवार अनेक आहेत, हे वास्तव कागद सुधारून बदलत नाही. परंतु ज्याला काम येते त्याचे काम कागदावर नीट न उतरल्यामुळे तो मागे राहावा, हे मात्र टाळता येण्यासारखे आहे. शेतीपंप दुरुस्त करणाऱ्या तरुणाने अनुभवापुढे ‘निरंक’ लिहू नये, एवढी काळजी गावातील एका शिक्षकाने किंवा एका पंचायत सदस्याने घेतली, तरी एका घराचे भवितव्य बदलण्याचा संभव असतो. ज्या हातांनी पूर्वी साक्षांकनाचे शिक्के मारले, त्या हातांनी आता परिचयपत्रे वाचावीत, हीच अपेक्षा.